गाणं कुणाचं?

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते ती वड्यासाठी, असा बहुतेक प्रवाशांचा समज असतो. वडेवाल्यांचाही तोच समज आहे, आणि त्यांच्या बाजूनं तो बरोबरच आहे. पण खरं कारण निराळं. कर्जतच्या पुढं बोरघाट लागतो. सदतीस फूट चाललं की एक फूट वर, अशी ती चढण. पुढचं इंजिन एकट्यानं गाडी वर नेऊ शकत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागं जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ही इंजिनं मागून ढकलत ढकलत गाडी घाटाच्या माथ्यावर पोचवतात, तिथं त्यांना सोडतात आणि गाडी पुण्याला निघून जाते. गाडीतल्या माणसाला त्यांचा पत्ताही नसतो. माझे वडील रेल्वेत होते आणि त्यांची बरीच वर्षं या बँकरच्या कामात गेली. त्यामुळं मला तो पत्ता लहानपणापासून आहे.

त्या पाच-सात मिनिटांच्या थांब्यात आम्हा पोरांचं आणखी एक काम असे. डेक्कन क्वीन १९३० पासून या मार्गावर धावते. पुण्याला शूटिंगसाठी, नाटकाच्या प्रयोगासाठी, गाण्याच्या कार्यक्रमासाठी जाणारी नामवंत मंडळी तिनं जातात, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. संध्याकाळी गाडी लागली की आम्ही पहिल्या वर्गाच्या डब्याच्या बाजूनं पळत खिडक्या तपासायचो. मी पाहिलेला सगळ्यात मोठा नट म्हणजे खिडकीतून बाहेर आलेला एक गोरा हात. मनगटावर घड्याळ होतं. त्या हातानं वडा घेतला, पैसे दिले आणि तो आत गेला. तो हात कुणाचा, यावर आमच्यात वर्षभर वाद चालला. माझ्या मित्रानं एका नटाचं नाव घेतलं, मी दुसऱ्याचं. पुढं त्या वादात घड्याळाचा रंगही बदलला.

आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो हाच आहे. आपण एखाद्या नटावर, गायिकेवर जीव टाकतो, तेव्हा तो जीव नेमका कुणावर टाकलेला असतो?

३१ जुलै १९८० च्या रात्री महंमद रफी गेले. रमजानचा महिना होता. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. सकाळी रेडिओवर बातमी आली तेव्हा वडील रात्रपाळी करून नुकतेच आले होते. ते डबा न ठेवताच ओट्यावर बसले. त्यांना मुंबईला अंत्ययात्रेला जायचं होतं. पण रजा मिळण्यासारखी नव्हती आणि पाऊस तर असा, की घाटात माणसं कमी पडत होती. शेजारच्या काकू विचारायला आल्या. वडिलांनी सांगितलं, रफीसाहेब गेले, गाणारे. काकू हळहळल्या आणि मग अगदी काळजीनं म्हणाल्या, ‘म्हणजे आता शम्मी कपूर गाणार नाही का?’

वडील त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. मी मात्र अनेक दिवस त्या प्रश्नाचा विचार करत होतो. काकू अडाणी नव्हत्या, मासिकं वाचत. पण पडद्यावर ओठ ज्याचे हलतात त्याचंच गाणं, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता. आणि आपल्यापैकी कितीजणांच्या मनात तो नाही? ‘आराधना’ १९६९ मध्ये आला. त्यातली गाणी आजही ‘राजेश खन्नाची गाणी’ म्हणूनच लोक मागतात. गायले किशोरकुमार आणि रफी, संगीत सचिनदेव बर्मन यांचं, शब्द आनंद बक्षी यांचे. राजेश खन्ना यांनी ती गाणी फार देखणी केली, हे खरंच. पण गाणी त्यांची कशी?

हा घोटाळा पार्श्वगायनानं केला. त्याआधी तो नव्हता. बालगंधर्वांच्या काळात ज्याचा चेहरा त्याचाच गळा. लोक त्यांच्या गाण्यावर भाळले, शालूवर भाळले, पण जे भाळणं होतं ते एका माणसावर होतं. सैगलचंही तसंच. आमच्या मराठीत शाहीर अमर शेख तर स्वतः लिहीत, स्वतः गात आणि ‘प्रपंच’सारख्या चित्रपटात कामही करत. बार्शीचा हा मेहबूब पटेल डफावर थाप मारून उभा राहिला, की कवी कोण, गायक कोण, हे विचारायची पाळीच येत नसे. १९३५ च्या सुमारास ‘धूपछाँव’पासून हिंदीत एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा गळा अशी वाटणी सुरू झाली. वाटणी कामाची झाली. कौतुकाची झालीच नाही. कौतुक सगळं चेहऱ्याच्या वाट्याला राहिलं.

त्याचा नमुना म्हणजे १९४९ चा ‘महल’. पडद्यावर मधुबाला. त्यातलं झुल्यावरचं गाणं देशभर गाजलं. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? ‘कामिनी’. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव! वीस वर्षांची लता मंगेशकर गायली आणि श्रेय एका काल्पनिक बाईला गेलं. लोक रेडिओकडं विचारणा करू लागले, की ही गाणारी कोण. तेव्हा कुठं ते नाव लोकांपर्यंत पोचलं. चाहत्यांनी चौकशी केली म्हणून कलावंताला स्वतःचं नाव मिळालं, असं ते प्रकरण आहे. नाही तर चाहत्यांचा उपद्रवच फार.

मी रेडिओवरून बोलतो आहे म्हणून रेडिओची तरफदारी करतो, असं समजू नका. रेडिओनंही यात गोंधळ घातलेला आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. आपले मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. सिनेमाचं गाणं त्यांना खपत नसे. आकाशवाणीनं ठरवलं, की गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते. फक्त गायकाचं नाव सांगायचं. निर्माते रागावले आणि त्यांनी गाणीच काढून घेतली. मग लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. तिथं अमीन सायानी आणि बिनाका गीतमाला होतीच. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचं गाणं आकाशवाणीवर सन्मानानं परत आलं. केसकरांवर सगळ्यांनी विनोद केले. पण मला त्या भांडणातली एक गोष्ट गंमतीची वाटते. चित्रपटाचं नाव गाळा आणि गाणाऱ्याचं सांगा, हे म्हणणं धंद्याच्या दृष्टीनं वेडगळ असेल. पण गाणं कुणाचं, हा प्रश्न त्यातून सरकारदरबारी पहिल्यांदा विचारला गेला.

माझ्या शाळकरी वयापर्यंत मात्र निवेदनाची एक पद्धत बसून गेली होती. गाण्याआधी चार नावं येत. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. गीतकाराचं नाव त्यात यावं म्हणून साहिर लुधियानवी हट्ट धरून बसले होते, असं सांगतात. आमच्या घरी रेडिओ जेवणाच्या वेळी चाले आणि वडिलांचा दंडक होता, की नावं सांगत असताना ताटातही आवाज करायचा नाही. गाण्याच्या मधे बोललं तर चाले. मला तेव्हा हे उलटं वाटे.

एके दुपारी ‘बैजू बावरा’तलं भजन लागलं. १९५२ चा चित्रपट, मालकंसातलं ते भजन सगळ्यांना ठाऊक आहे. गायक महंमद रफी, गीतकार शकील बदायुनी, संगीतकार नौशाद. मी ती तिन्ही नावं लागोपाठ ऐकली आणि घास हातातच राहिला. चौथीत किंवा पाचवीत असेन. तोवर मला शाळेत दोन-तीनदा विचारून झालं होतं, की तू मराठीचा निबंध इतका चांगला कसा लिहितोस, घरी कोण लिहून देतं? विचारणारे प्रेमानंच विचारत. मला उत्तर देता येत नसे. त्या दुपारी उत्तर मिळालं असं नाही; पण प्रश्नाची भीती गेली. पडद्यावर भारतभूषण होते आणि आमच्या आळीत ते भजन भारतभूषण यांचंच होतं. निवेदकानं ती तीन नावं सांगितली नसती, तर मी पुढं कविता लिहिली असती का, कुणास ठाऊक. मराठीत लिहिण्याचं धाडस तरी इतक्या लवकर केलं नसतं.

पुढं रफींची मराठी गाणी ऐकायला मिळाली. संगीत श्रीकांत ठाकरे यांचं, शब्द बरेचसे वंदना विटणकर यांचे. ती ऐकताना अजूनही मी ‘ळ’ची वाट पाहतो. त्या ‘ळ’वर रफी किंचित जपून पाय ठेवतात. आपली मातृभाषा नाही, चुकू नये, असा तो जपणुकीचा स्वर. मला तो बिनचूक ‘ळ’पेक्षा अधिक आवडतो. एक मराठी कवयित्री, एक मराठी संगीतकार आणि पंजाबातून आलेला गायक. ही गाणी मात्र कुठल्या नटाची म्हणून ओळखली जात नाहीत. ती रफींचीच राहिली, कारण ती चित्रपटातली नव्हती. मधे चेहराच नव्हता.

आणि इथं मराठीचा एक मोठेपणा सांगितला पाहिजे. हिंदीत गाणं नटाचं असतं, मराठीत ते पुष्कळदा कवीचं असतं. ‘गदिमांचं गाणं’, ‘खेबुडकरांची लावणी’, ‘शांताबाईंचं गीत’ असं आपण सहज बोलतो. याचं एक कारण भावगीत, आणि भावगीताला घराघरांत नेलं रेडिओनं. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. वर्षभर दर आठवड्याला, एकूण छप्पन्न गीतं. लोक रेडिओला हार घालून बसत, असं जुनी माणसं सांगतात. चेहरा कुणाचाच नव्हता. त्यामुळं माडगूळकर आणि सुधीर फडके ही दोन नावं जोडीनं मनात बसली, आणि त्यातही माडगूळकर आधी. जिथं डोळ्यांना काही दिसत नाही, तिथं कान जरा न्यायानं वागतात.

डोळ्यांचा पक्षपात बक्षिसांतही उतरला. फिल्मफेअर पारितोषिकं १९५४ ला सुरू झाली. संगीतकाराला पारितोषिक होतं, गायकाला नव्हतं. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पारितोषिक मिळालं, तेव्हा समारंभात त्यातलं गाणं गायला लताबाईंनी नकार दिला. पारितोषिक संगीताला आहे ना, मग नुसतं संगीतच वाजवा, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. १९५९ पासून पार्श्वगायनाला पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं ‘मधुमती’साठी त्यांनाच मिळालं. गीतकारांना तर आपल्या शब्दांच्या मानधनाचा हक्क पक्का व्हायला २०१२ चा स्वामित्वहक्क दुरुस्ती कायदा यावा लागला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. आणि वादकांचं काय? गोव्याहून आलेले ते व्हायोलिनवाले, ट्रंपेटवाले, सुरावट कागदावर उतरवून देणारे संयोजक, यांच्याशिवाय त्या काळचं एक गाणं उभं राहिलं नसतं. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशातल्या पोराटोरांना तोंडपाठ आहे, पण ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या पात्राचं म्हणून. त्या नावाचे खरेखुरे संगीतकार गोव्याचे होते, प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं होतं, आणि शिष्यानं ही अशी गुरुदक्षिणा दिली. ‘महल’मध्ये पात्रानं गायिकेचं नाव झाकलं, इथं पात्राच्या आडून एका वादकाचं नाव उरलं.

आता इतका वेळ मी रेल्वेच्या आणि रेडिओच्या गोष्टी सांगतो आहे. तेव्हा सिनेमा आमच्यासाठी लांब होता. गाडी थांबेल तेवढाच. २००५ मध्ये तो आमच्याकडं राहायला आला. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी स्टुडिओ उभा केला. भाताच्या शेतांपलीकडं एक दिवस किल्ल्याचे बुरूज दिसू लागले. २००८ ला आलेल्या ‘जोधा अकबर’मधला आग्र्याचा किल्ला तो हाच. आसपासच्या गावांतली मुलं भाला घेऊन सैनिक म्हणून उभी राहायला जाऊ लागली. आमच्या आळीतल्या एका पोराला मी विचारलं, नट दिसला का रे? म्हणाला, ‘दिसला ना. त्याच्या डोक्यावर छत्री धरायला माणूस होता, आमच्या डोक्यावर लोखंडी टोप.’ त्याच्या घरच्या भिंतीवरचं त्या नटाचं चित्र तरीही तसंच राहिलं. उलट शेजारी आणखी एक लागलं. जवळून पाहिलं की भक्ती उतरते, असं शहाणी माणसं म्हणतात. आमच्याकडं तसं काही झालेलं मी पाहिलं नाही.

पण एक झालं. आमच्या शेजारी एक सुतार राहतात, आम्ही त्यांना मिस्त्री म्हणतो. दारं-खिडक्या करणारा माणूस. तेही सेटच्या कामाला जाऊ लागले. प्लायवूडचा खांब, त्यावर प्लास्टरची नक्षी, वर संगमरवराचा रंग. दोन हात लांबून हात लावावासा वाटेल असा दगड. चित्रपट लागला तेव्हा मिस्त्री घरच्यांना घेऊन गेले, मलाही ओढलं. दरबाराचा प्रसंग आला आणि मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठले. ‘तो बघा, तो डावीकडचा!’ आम्ही बघेपर्यंत कॅमेरा नायिकेच्या डोळ्यांवर गेला होता. भाभी म्हणाल्या, ‘कुठला?’ मिस्त्री म्हणाले, ‘गेला.’ पुढचा अर्धा तास आम्ही चौघं कहाणी सोडून खांब शोधत होतो. मला वाटतं, त्या गर्दीत चित्रपट पाहण्याची आमची रीत सगळ्यांत निराळी होती.

म्हणूनच आमच्या भागात एक विलक्षण गोष्ट घडली. सगळीकडं चित्रपट नटाच्या नावानं ओळखतात, दिग्दर्शकाच्या नावानं फार तर. आमच्याकडं ‘देसाईंचा पिक्चर’ म्हणत. ‘लगान’ देसाईंचा, ‘देवदास’ देसाईंचा. कलादिग्दर्शनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा माणूस इतर ठिकाणी श्रेयनामावलीतली एक ओळ होता. कर्जत-खालापूरच्या रिक्षावाल्याला तो नटाइतका ठाऊक होता. त्यांनी निर्मिलेल्या ‘बालगंधर्व’ची गोष्ट मला नेहमी आठवते. २०११ चा चित्रपट. चेहरा सुबोध भावे यांचा, गळा आनंद भाटे यांचा, आणि त्या गळ्याला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या बालगंधर्वांचा चेहरा आणि गळा एकच होता, त्यांना पडद्यावर आणायला दोन माणसं लागली. आणि त्यांच्याभोवतीचं ते रंगमंदिर, ती झुंबरं उभी करायला किती लागली, ते मोजायला आपण थांबत नाही.

२०२३ चा पावसाळा आमच्या चौक परिसराला विसरता येणार नाही. जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती रडारड सरली नव्हती तोच, २ ऑगस्टला नितीन देसाई आपल्याच स्टुडिओत मृतावस्थेत सापडले. त्यांनी आयुष्य संपवलं होतं. कर्जाच्या बोज्याच्या बातम्या नंतर पुष्कळ आल्या. मोठमोठे नट-नट्या हळहळल्या. मिस्त्री त्या दिवशी चौकपर्यंत गेले आणि फाटकाशी न जाता परत आले. मी विचारलं, का गेला नाहीत? म्हणाले, ‘तिकडं सगळे कॅमेरे येणाऱ्या गाड्यांकडं होते. आत किल्ला भिजत होता.’

लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या, तेव्हा माझ्या फोनवर दिवसभरात शेकड्यानं त्यांची चित्रं आणि गाणी आली. गाण्याखाली नटीचं नाव होतं, कुठं कुठं चित्रपटाचं होतं. लिहिणाऱ्याचं नाव शोधायला फोनमध्ये तीन टिंबांवर बोट ठेवून आणखी दोन पानं आत जावं लागतं. नावं आज हरवलेली नाहीत, उलट पूर्वीपेक्षा जास्त नोंदलेली आहेत. फक्त ती आता कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

गेल्या वर्षी खोपोलीत एका हौशी मंडळानं जुन्या गाण्यांची रात्र ठेवली होती. कराओकेवर गाणारी मंडळी, कुणी कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणी शिक्षिका, एक तर डॉक्टर. मला पाहुणा म्हणून बोलावलं. निवेदिका मुलगी चुणचुणीत होती, पण प्रत्येक गाण्याला गाणाऱ्याचं नाव आणि ‘मूळ कलाकार’ म्हणून नटाचं नाव सांगत होती. मध्यंतरात मी तिला म्हटलं, बेटा, गीतकार आणि संगीतकारही सांगशील का? ती म्हणाली, ‘सांगते की काका, पण मला माहीत नाहीत. तुम्ही लिहून द्या.’ तिनं यादी आणि पेन माझ्या हातात दिलं. उरलेली अकरा गाणी होती. नऊ मी चहा संपायच्या आत लिहिली, दोन फोनवर शोधली. वडिलांचा ताटाशेजारचा दंडक इतक्या वर्षांनी कामाला आला.

दुसऱ्या भागात तिनं ती सगळी नावं नीट वाचली. शकील आलं, साहिर आलं, मजरूह आलं. ‘वंदना विटणकर’ म्हणताना ती थांबली आणि परत एकदा स्पष्ट म्हणाली. पहिल्या रांगेतल्या दोन-तीन माना हलल्या.

मिस्त्री माझ्या शेजारी बसले होते. मागं पडद्यावर मूळ गाण्यांची चित्रंही दाखवत होते. एका जुन्या कृष्णधवल गाण्यात मोठा जिना होता, दोन्ही बाजूंनी उतरणारा, आणि त्याच्या कठड्यावर फार सुरेख नक्षी होती. मिस्त्री माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘भाईजान, हा जिना कुणी केला?’

मी खिशातून फोन काढला. गाणं संपलं, पुढचं सुरू झालं, तरी मी शोधतच होतो.